मुक्या सुनांचा वाफा

भांडण लागलं की गाव गोळा होतं आणि गाव गोळा व्हायला आवाज लागतो, असा आपल्याकडचा समज आहे. सिंगापुरातल्या पुंगोलच्या त्या बागेत त्या सकाळी तो समज खोटा ठरला. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या समोर कंबर कसून उभ्या होत्या, भांडण अगदी ऐन रंगात आलं होतं, पाणी घालणारे पाइप हातात तसेच धरून माणसं बघत होती, आणि दोघींच्याही तोंडून शब्द म्हणून निघत नव्हता.

सिरानुशनं डोक्यावर आडवा तळहात धरला. म्हणजे सावली. मग दोन बोटांची कात्री करून ती हवेत चालवली. म्हणजे काप. कापायचा होता तो वेणूबाईचा दोडक्याचा वेल. तो मांडव ओलांडून पलीकडं गेला होता आणि सिरानुशच्या वाफ्यातल्या जांभळ्या तुळशीवर दिवसभर पसरून बसत होता.

वेणूबाईनं अंगठा दाखवला.

सिरानुशनं पुन्हा कात्री चालवली, या वेळी वेणूबाईच्या नाकासमोर. वेणूबाईनं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर नेऊन कडाकडा मोडली. बोटं मोडण्याला कुठल्याच देशात भाषांतर लागत नाही. वरच्या पुलावरून एलआरटीची, म्हणजे छोट्या रेल्वेची, दोन डब्यांची गाडी घरंगळत गेली. त्या सबंध प्रसंगात झालेला आवाज तेवढाच.

वास्तविक त्या तुळशीचा वेणूबाईला मोठा आदर होता. ती सब्ज्याच्या जातीची, पण वेणूबाईनं तिला तुळस मानलं होतं आणि रोज येता-जाता हात जोडले होते. सिरानुश ती पानं खुडून चीजबरोबर खाते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वेणूबाईनं दोन दिवस तिच्याकडं बघितलं नव्हतं. तरी तुळस ती तुळस आणि दोडका तो दोडका. देव पुजावा, पण वावर सोडू नये.

वेणूबाई मूळची मुकी नव्हती. खटाव तालुक्यातल्या करंजओढ्याची ती बाई. तिच्या हाळीनं तीन वावरांपलीकडचा बैल मान वळवायचा. नवरा वारला, लेक निशिकांत सिंगापुरात बँकेत लागला, त्याला मुलगी झाली आणि नात सांभाळायला म्हणून वेणूबाई अकराव्या मजल्यावर येऊन पडली. पहिले काही दिवस ती सकाळी कॉरिडॉरमध्ये उभी राहून करंजओढ्यातल्या कौसाशी, म्हणजे धाकट्या बहिणीशी, फोनवर बोलायची. फोन हातात असायचा, पण वेणूबाईचा भरवसा स्वतःच्या गळ्यावर होता.

एका संध्याकाळी निशिकांत ऑफिसातून आला, बूट काढले आणि म्हणाला, "आई, शेजाऱ्यांनी कम्प्लेंट केलीय."

"कशाची रं?"

"तुझी."

"म्या काय केलं?"

"बोललीस."

"मग? कौसा तिकडं, मी हिकडं, मधी येवढा समुद्र. हळू बोलून पोचंल का तिला?"

"फोन पोचवतो, आई."

"फोनचं काम फोन करंल, माझं मी करते."

"आजी सो लाऊड, ला," पाच वर्षांची इरा सोफ्यावरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

निशिकांतनं कपाळ चोळलं. "हे बघ, हे गाव नाही. हळू बोल. नाहीतर बाहेर बोलूच नकोस."

हळू बोलायला वेणूबाई कुठं शिकली नव्हती, म्हणून तिनं दुसरा पर्याय घेतला. कॉरिडॉर नेमका कुठं संपतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं लिफ्ट, इमारतीखालची मोकळी जागा, म्हणजे व्हॉइड डेक, दुकानं, बाग, सगळं सिंगापूर तिनं कॉरिडॉरमध्ये धरलं. घरात दार लावून कुजबुजायची, दाराबाहेर पदराचं टोक दातात धरायची. निशिकांत आठवडाभरात हे सगळं विसरला. ज्यानं बांधलं तो विसरतो, जिला बांधलं ती विसरत नाही. इतिहासाचे जाडजूड ग्रंथ लिहिले जातात खरे, पण त्यांतला बराच भाग या एका वाक्याची लांबण असते.

तोंड मिटलं तसे हात मोकळे झाले. वस्तीच्या सामाईक बागेत तिला वाफा मिळाला, चार हात लांब, दोन हात रुंद. करंजओढ्याच्या मानानं ती जमीन म्हणजे म्हशीच्या पाठीवरची माशी. तीही पोत्यातून विकत आणलेली, काळी, भुसभुशीत, पावसाच्या दुपारच्या एका सरीत निम्मी वाहून जाणारी. पण अकराव्या मजल्यावरच्या घरात चमचासुद्धा कुठल्या खणात ठेवायचा हे सुनेला विचारावं लागे. वाफ्यात तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं.

शेजारचा वाफा सिरानुशचा. तीही नात सांभाळायलाच आलेली, आर्मेनियातल्या सेवान तळ्याकाठच्या गावातून. तिची लेक अनाहित क्षिप्राच्या, म्हणजे निशिकांतच्या बायकोच्या, ऑफिसात होती. सिरानुश पहिल्यांदा भेटली तेव्हा स्वतःच्या भाषेत भडाभडा बोलली. वेणूबाईनं पदर दातात धरून नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सिरानुश गप्प झाली, वेणूबाईकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं हात उचलून हातांनीच विचारलं: पाणी घातलंस?

वेणूबाईनं हातांनीच उत्तर दिलं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. म्हणजे भांडण्याइतकं जमलं.

याचा उलगडा एका रविवारी झाला. क्षिप्रानं अनाहितला आणि तिच्या आईला चहाला बोलावलं. दार बंद झाल्यावर वेणूबाई कुजबुजली, "या, बसा." सिरानुशनं बंद दाराकडं पाहिलं, वेणूबाईच्या डोक्यावरच्या पदराकडं पाहिलं आणि लेकीला काहीतरी विचारलं. लेकीनं क्षिप्राला इंग्रजीत विचारलं. क्षिप्रा गोंधळली.

"आई, त्या विचारतायत, तुमचे सासरे कुठं असतात?"

"मसनात. नव्वद साली गेले."

हे उत्तर दोन भाषा ओलांडून पलीकडं गेलं. सिरानुशच्या भुवया वर चढल्या. पुन्हा प्रश्न आला.

"मग तुमचं तोंड कुणी बांधलंय?"

वेणूबाईनं हनुवटीनं खिडकीकडं खूण केली. तिथं निशिकांत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"हा सासरा?"

"ल्योक हाय."

सिरानुश काहीतरी बोलली. अनाहित ओठ चावत थांबली. क्षिप्रानं नवऱ्याकडं एकदा बघून घेतलं आणि मग सांगितलं, "त्या म्हणतात, आमच्याकडं निदान सासरा असायचा."

मग सिरानुशनं आपल्या आजीची गोष्ट सांगितली. आर्मेनियन खेड्यांत नवी सून आली की तिचं तोंड बांधायचे, फडक्यानं आणि रिवाजानंही. सासऱ्यासमोर, सासूसमोर, थोरल्या दिरांसमोर तिनं शब्द काढायचा नाही, कधी वर्षभर, कधी पहिलं मूल होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढं. लागेल ते हातांनी सांगायचं. बायका बायकांना शिकवत आल्या आणि हातांची एक अख्खी भाषा उभी राहिली. पीठ, पाणी, गुरं, ताप, गरोदरपण, सगळ्याला खुणा होत्या. एके दिवशी सासरा सुनेला समोर बोलवायचा, काहीतरी भेट द्यायचा आणि म्हणायचा, आता बोल. तेव्हा ती सुटायची. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सोडवायचा अधिकार नव्हता.

सिरानुशची आजी तेव्हाच्या तुर्की राज्यातल्या मूशकडच्या खेड्यात सोळाव्या वर्षी सून म्हणून गेली. पुढच्याच वर्षी एकोणीसशे पंधरा साल उजाडलं. तुर्की शिपायांनी गावातल्या पुरुषांना बाहेर नेलं, त्यांत नवरा आणि सासराही होते. ते परत आले नाहीत. त्या वर्षी जे झालं त्याला काय नाव द्यायचं, यावर काही देशांची सरकारं अजून सवडीनं विचार करत आहेत. आजी पोटातलं मूल घेऊन चालत चालत सीमा ओलांडून जगली. नवऱ्याचा एक चुलता तेवढा बरोबर वाचला. पण तोंड बांधलेलं होतं ते तसंच राहिलं, कारण सोडवणारा मेला होता. चुलत्यासमोर, पुढं चुलत्याच्या लेकांसमोर, आजी जन्मभर हातांनीच बोलली. नातीला ती भाषा तिच्याकडूनच आली.

"मग कुणासंगं बोलायचीच न्हाय व्हय?" वेणूबाईनं विचारलं.

"बोलायची," अनाहितकडून क्षिप्राकडं आणि क्षिप्राकडून वेणूबाईकडं आलं. "गोठ्यात. गाईशी."

पुढं बऱ्याच वर्षांनी शहरातून एक विद्वान गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले. जे जगले त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवायच्या होत्या. चुलत्याचा थोरला लेक यजमान म्हणून शेजारीच बसला होता. आजीनं दिवस मावळेपर्यंत सगळं सांगितलं, हातांनी. गृहस्थांनी यंत्र बंद केलं, चहा घेतला आणि वहीत लिहिलं: साक्षीदार मुकी असल्यामुळे माहिती मिळू शकली नाही.

वेणूबाईनं चहाची बशी बाजूला सारली. मग कुजबुजली, "गाडव."

हे एकच असं निघालं, की जे क्षिप्रानं भाषांतर करायच्या आधीच सिरानुशला कळलं.

उठताना सिरानुशनं सांगून टाकलं, की वेणूबाई सुटेपर्यंत तीही तिच्यासमोर तोंड उघडणार नाही. उपाशी माणसासमोर बसून जेवायचं नसतं, असं तिची आजी म्हणायची, अर्थात हातांनी.

बागेचे कारभारी होते पद्माकरराव. निवृत्त बँकर, नागरिकत्व जुनं, मिशी पांढरी आणि नीट कातरलेली. पाहुणे आले की ते त्यांना बागेतून फिरवायचे आणि वेणूबाईच्या मांडवापाशी थांबून सांगायचे, "इथली हवाच अशी, काही करावं लागत नाही. आपोआप येतं." त्यांनी आता ठरवलं होतं की बागेत फुलपाखरांचा कोपरा करायचा, आणि त्यासाठी दोन वाफे मोडायचे. कुठले, हे ठरवणं अवघड नव्हतं. दोन्ही म्हाताऱ्या व्हिजिट पासवर, म्हणजे पाहुण्यांच्या परवान्यावर, होत्या. फुलपाखरांना पास लागत नाही.

ते सांगायला ते स्वतः घरी आले. वेणूबाई दाराच्या आत उभी राहून ऐकत होती.

"पण काका, आईंचा जीव आहे त्या वाफ्यात," क्षिप्रा म्हणाली.

"मला कळतं गं. पण नियम आहेत. हां, एक करता येईल." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बागेचा दिवस येतोय. माझा विषय ठरलाय, आर्मेनियन स्त्रिया, इतिहासाच्या वाटेवर. या देशाशी त्यांचं नातं जुनं आहे. तू म्हणालीस ना, त्या दोघी हातांनी बोलतात? तेच स्टेजवर करू. मुकी सून आणि तिचा सासरा. काय सुंदर परंपरा आहे बघ, मौनातला संवाद! कार्यक्रम रंगला तर मी सगळ्यांसमोर जाहीर करतो, हे दोन वाफे हलणार नाहीत."

"सासरा कोण होणार?"

"मीच," पद्माकरराव संकोचानं म्हणाले. हा संकोच त्यांनी घरूनच तयार करून आणला होता.

दुसऱ्या दिवशी बागेत वेणूबाईनं सिरानुशला हातांनी सगळं समजावलं. फुलपाखरू दाखवलं, कुदळ दाखवली, उपटलेली तुळस दाखवली. सिरानुशनं जमिनीवर थुंकून आपलं मत दिलं. वेणूबाईनं हात जोडले. सिरानुश आपल्या जांभळ्या तुळशीकडं बघत राहिली, शेवटी तिनं मान डोलावली, आणि लगेच दोन बोटांची कात्री वेलाकडं रोखली. वेणूबाईनं हात झटकला. म्हणजे मग बघू.

बागेच्या दिवशी दुपारी सर येऊन गेली होती. माती वाफाळत होती, प्लास्टिकच्या खुर्च्या पुसून मांडल्या होत्या. मराठी घरं बरीच आली होती, शेजारचे चिनी, मलय, तमिळ आजी-आजोबाही होते. निशिकांत पहिल्या रांगेत इराला मांडीवर घेऊन बसला होता.

पद्माकररावांनी आधी भाषण केलं. या देशाचं राष्ट्रीय फूल एका आर्मेनियन बाईला तिच्या बागेत सापडलं, असं ते म्हणाले. वास्तविक तिनं ते ऑर्किड दोन जातींचा संकर करून घडवलं होतं. ते तिनं घडवलं की बांबूच्या बेटात तिला नुसतं दिसलं, यावर जाणकार पुरुष शंभरेक वर्षं वाद घालत राहिले आणि अखेर सरकारनंच तिच्या बाजूनं कौल दिला. पद्माकररावांपर्यंत तो कौल पोचला नसावा. बायकांना गोष्टी सापडतात, हे त्यांना अधिक काव्यमय वाटत होतं. भाषणाच्या शेवटी त्यांनी वाफ्यांचंही जाहीर करून टाकलं. टाळ्या मिळाल्या तर राहतील, असं हसत हसत.

मग प्रवेश सुरू झाला. दोघी म्हाताऱ्या तोंडावर फडकं बांधून पुढं आल्या. पद्माकररावांनी लोकरीची उंच टोपी घातली होती आणि त्या उकाड्यात त्यांच्या कानांमागून घाम ओघळत होता. दोघींनी पीठ मळलं, पाणी आणलं, सासऱ्याचे हात धुतले, सगळं खुणांनी. लोकांनी फोन वर धरले.

आता शेवट. भेट म्हणून काय द्यायचं, यावर पद्माकररावांनी बराच विचार केला होता. आर्मेनियन सासरे काय देत असत ते त्यांना माहीत होतं, पण आपल्या लोकांना पटकन कळावं म्हणून त्यांनी त्यात आपली भर घातली. त्यांनी वेणूबाईच्या ओंजळीत नारळ आणि खण ठेवला, घसा साफ केला आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले,

"सूनबाई, आजपासून तुझं मौन सुटलं. आता बोल."

इथं वेणूबाईनं त्यांच्याकडं पाहून वाकायचं होतं आणि कार्यक्रम संपायचा होता. पण वेणूबाई हातातल्या नारळाकडं बघत राहिली. करंजओढ्यात नारळावर सोयरिकी ठरतात, बांधाची भांडणं मिटतात. पाच माणसांसमोर वडीलधाऱ्यानं नारळ हातात दिला आणि शब्द टाकला की तो शब्द नाटकातला आहे का खरा, हे विचारायची तिकडं रीत नाही.

तिनं फडकं खाली ओढलं. घोगऱ्या आवाजात विचारलं, "बोलू? खरंच म्हंताय?"

लोक हसले. पद्माकरराव खूश झाले. "बोल, सूनबाई, बोल!"

वेणूबाईनं छाती भरून श्वास घेतला.

"आगंऽऽ ए कौशेऽऽ!"

समोरच्या ब्लॉकच्या खिडक्या उघडल्या. खुर्चीत डुलकी घेत बसलेले एक चिनी आजोबा उभे राहिले. गळा शाबूत आहे एवढंच वेणूबाईला पाहायचं होतं. ते पाहून झाल्यावर ती पद्माकररावांकडं वळली.

"पद्माकरराव, आपोआप तुमची मिशी येती, दोडका न्हाय येत! दिवेलागणीला फुलं उमलत्यात, तवा कोण असतं हितं? नराचं फूल खुडून मादीच्या फुलाला कोण लावतं? फुलपाखराचा कोपरा करायला निघालाय! आवो, हितलं फुलपाखरू मीच हाय!"

"वेणूताई, हे स्क्रिप्टमध्ये…"

"आन् निश्या, तू!"

पहिल्या रांगेत निशिकांतनं इराच्या मागं तोंड लपवलं होतं. "आई, हळू…"

"हळू न्हाय! सासऱ्यानं कामाला जुपलं, पर तोंड न्हाय बांधलं. नवऱ्यानं हात उगारला, पर तोंड न्हाय बांधलं. पोटच्या पोरानं बांधलं आन् इसरून ग्येला! आता नारळ मिळालाय मला. सगळ्यांनी बघितलाय."

"आजी सो लाऊड, ला!" इरा आनंदानं ओरडली.

मग वेणूबाई सिरानुशकडं वळली. तिच्या तोंडावरचं फडकं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं आणि नारळ तिच्या हातांत ठेवला. "घे बये. तुझ्या आजीचं ऱ्हायलंय, ते बी सोड."

शब्द सिरानुशला कळले नाहीत, नारळ कळला. खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. अनाहितनं हातातला फोन खाली घेतला. शंभर वर्षांवरून काहीतरी येतं आहे, याची शहाण्या माणसांना चाहूल लागली आणि ती आदरानं पुढं सरकून बसली. सिरानुशनं ओठ ओले केले आणि नारळ छातीशी धरून, खणखणीत आवाजात, एक लांबलचक वाक्य उच्चारलं.

"काय म्हणाल्या?" पद्माकररावांनी भारावून विचारलं.

अनाहितचे डोळे भरले होते. "ती म्हणते, तुझा वेल काप."

ते क्षिप्रानं मराठीत सांगेपर्यंतही वेणूबाई थांबली नाही. "न्हाय कापत!"

सिरानुशनं आणखी दोन वाक्यं हाणली. वेणूबाईनं चार परत केली. एक आर्मेनियनमधून, दुसरी मराठीतून, दोघी एकाच वेळी, दोघी हातवारे करत, मध्ये नारळ. लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पद्माकररावांना सगळ्यांसमोर दिलेला शब्द पाळणं भाग पडलं.

परत जाताना अनाहित क्षिप्राला लिफ्टपाशी म्हणाली, "ती आमची रोजची भाषा नव्हती. मूशकडची जुनी बोली. आई घरातसुद्धा तसं बोलत नाही. तसं फक्त पणजी बोलायची."

"गोठ्यात?"

अनाहितनं मान डोलावली.

वाफे राहिले. नारळ सिरानुशनं वेणूबाईला परत दिला आणि तो अकराव्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात जाऊन बसला. वेल कापला गेला नाही, पण एका सकाळी मांडव वेणूबाईच्या बाजूला हातभर सरकलेला दिसला. तो कुणी सरकवला हे कुणी विचारलं नाही. भांडायला दोघींना दुसरं कारण लगेच सापडलं.

महिनाअखेरीस पद्माकररावांनी बागेचं वार्तापत्र काढलं. पहिल्याच पानावर मोठा रंगीत फोटो होता: वेणूबाई आणि सिरानुश समोरासमोर, चारही हात वर, दोघींची तोंडं इतकी उघडी की दाढा मोजाव्यात. क्षिप्रानं फोटोखालची इंग्रजी ओळ वाचली आणि कागद घडी करायला लागली.

"थांब की. काय लिवलंय त्यात?" वेणूबाईनं विचारलं.

"काही नाही आई. असंच."

"वाच."

क्षिप्रानं वाचलं. "मौनाची सुंदर परंपरा जपणाऱ्या दोन आज्या."

वेणूबाईनं कागद हातात घेतला, दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग तो ठेवून दिला, देव्हाऱ्यातला नारळ उचलला, फोन घेतला आणि दार उघडून कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिली.

"आगं कौशे, ऐकलंस का!"

समोरचं दार उघडलं. शेजारी बाहेर आला. वेणूबाईनं एका हातानं फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला नारळ दाखवला.